समोरचा गाळा

"मैत्रीण म्हणून सांगते, तुझा भाऊ शिळी मासळी विकतो," असं स्पेनमधल्या कादिझच्या मंडईतली मासळीवाली एन्कार्ना कानात कुजबुजली आणि कुस्तोदियाने समोरच्याच गाळ्यावर बसणाऱ्या सख्ख्या भावाकडे, आन्सेल्मोकडे, कायमची पाठ फिरवली आणि मासळी एन्कार्नाकडूनच घ्यायला लागली. या गोष्टीला वीस वर्षं झाली. बहीणभावाचं बोलणंही तुटलं.

गाळा कायमचा बंद करून घरी बसलेल्या एन्कार्नाने परवा कुस्तोदियाला पहिल्यांदाच जेवायला बोलावलं. ऑलिव्हच्या तेलात तळलेली मांदेली जिभेवर विरघळली. "बये, तुझ्याकडून नेलेली मासळी माझ्या घरी कधी अशी लागली नाही गं!"

एन्कार्नाने शेरीचा पेला रिकामा केला आणि डोळा मिचकावला. "आता गाळाच उरला नाही, तर तुझ्यापासून काय लपवायचं?"

"मंडई उठली की घरची मासळी मी तुझ्या भावाकडूनच घ्यायचे!"