हात हलला तरी

बाबांची चाळीस वर्षांपूर्वीची टेलिफोटो लेन्स सत्यजीतने अडॅप्टर लावून आपल्या नव्या कॅमेऱ्यावर बसवली आणि मोठ्या कौतुकाने कॅमेरा त्यांच्याच हातात दिला. पनवेलच्या गॅलरीतून बाबांनी उलव्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान टिपलं. हात नेहमीसारखे थरथरत होते, तरी फोटोत शेपटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"हात हलला तरी चालतं?" बाबांनी विचारलं.

"चालतं की. कॅमेरा सांभाळून घेतो."

तेवढ्यात बेल वाजली. पाहुणे आले होते. बाबा आपणहून उठले.

"मी आतल्या खोलीत बसतो. तू म्हणालास तसं, उगाच चारचौघांत चहा सांडायला नको."

लेन्सचं झाकण हातातच होतं, तरी सत्यजीत खाली वाकून ते शोधत राहिला.