रविवारचा शब्द

बायको गेल्यापासून मास्तरांनी दूर राहणाऱ्या मुलाच्या फोनची धास्तीच घेतली होती. "जेवलात का", "औषध घेतलंत का" एवढं झालं की बापलेकांची गाडी अडायची. म्हणून जन्मभर इंग्रजी शिकवलेले मास्तर दर रविवारी एका शब्दाचं मूळ शोधून वहीत लिहून ठेवत. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तर पोरगा फोन तरी कशाला करेल?

आज फोन वाजताच त्यांनी घाईघाईने सुरुवात केली. "'लाँगिंग' म्हणजे ओढ. पण मुळातला अर्थ लांबत जाणं. वाट बघणाऱ्याचा वेळ लांबतच जातो ना, तसं. आणि त्याच मुळातून..."

पुढचं काही केल्या आठवेना. वही हाताशी होती, पण चष्मा सापडेना. मास्तर खिसे चाचपू लागले.

"त्याच मुळातून 'बिलाँगिंग'," पलीकडून मुलगा म्हणाला. "म्हणजे आधी नुसतं सोबत जाणं, मग एखाद्याचं होणं."

"तुला रे कसं ठाऊक?"

"बाबा, हा शब्द तुम्ही चौथ्यांदा सांगताय."

मास्तर ओशाळले. "मग आधीच सांगायचंस की!"

"आणि तुम्ही फोन ठेवून दिला असता म्हणजे?"