राजूबाईची साखर

"जळायलंय का रे?" राजूबाईनं लेकाच्या डाव्या पायावरून तेलाचा हात हलकेच फिरवला.

"व्हय, माय," तानाजी हसून म्हणाला. दुसरीकडं बाजेची दोरी त्यानं मुठीत घट्ट धरली होती.

चिंचेवरून पडल्यापासून त्याची बाज ओसरीतच. मणक्याची नस पुरती तुटली नव्हती, अर्धी शाबूत होती. उजवा पाय थोडा हलायचा. डावा हलायचा नाही, पण नुसता पेटायचा. जोरानं दाबलं तर काही नाही आणि लुगड्याचा पदर लागला तरी जीव जायचा, असला उफराटा कारभार. त्यात पहिल्यांदा जळजळ झाली त्या दिवशी राजूबाईनं आनंदानं अख्ख्या गल्लीत साखर वाटलेली. त्यामुळं कलबुर्गीच्या डॉक्टरांनी दुखतं का विचारलं, की हा गडी आधी आईकडं बघायचा आणि मग नाही म्हणायचा.

आज परत तिकडंच जायचं होतं. त्याची बायको विजयश्री पिशवी भरता भरता थांबली. सासूच्या हाताकडं बघितलं, नवऱ्याच्या मुठीकडं बघितलं आणि तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, हात काढा. त्यांना सोसंना झालंय. रातभर उशी चावायलेत."

"गप की गं! कामून सांगायलीस तिला?" तानाजी खेकसला.

राजूबाईनं चटका बसल्यागत हात उचलला. "माझ्यापासून लपवायलास व्हय?"

"पाय जागा झाला म्हणून साखर वाटलीस तू. आता कुठल्या तोंडानं रडू?"

"पायाचं काय घेऊन बसलास!" राजूबाई म्हणाली. "पडल्यापासून नुसता आढ्याकडं बघायचास. रडला न्हाईस, बोलला न्हाईस. मला वाटलं, गेला माझा लेक. त्या दिवशी मोठ्यानं वरडलास. साखर त्याची वाटली, येड्या."

तानाजीची मूठ सुटली. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"माय गं! लई दुखायलंय गं!"

"अक्का, काय झालं?" भिंतीपलीकडून शेजारच्या गुरुबाईनं विचारलं.

"काय न्हाई. लेक दुखतंय म्हणायलाय."

राजूबाई पायाकडून उठली, उशाशी आली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"आज डॉक्टरापुढं असंच वरडायचं," ती डोळे पुसत म्हणाली. "तू न्हाई वरडलास, तर मी वरडीन."