चौथा डबा

हेमाचे वडील हरिहर सोवनी, म्हणजे तिचे अण्णा, रेल्वेत गार्ड होते. त्यांनी डोंबिवलीच्या घरी पत्रा आणि सागवान कापून पाच डब्यांची छोटी गाडी बनवली होती. १९५६ साली ते गेले, तेव्हा कल्याणच्या एका वाचनालयाने ती प्रदर्शनासाठी मागितली. बाकीच्या डब्यांचा नुसता रंग उडाला होता, पण चौथा एका बाजूने पार चेपलेला होता. त्याच्या खिडक्यांच्या काचाही फुटलेल्या होत्या.

"आहे तशीच दे," आई म्हणाली.

"अगं, कोणाच्या तरी हातून पडला असेल. असा चेपलेला कसा ठेवायचा लोकांसमोर? अण्णांनाही नीट केलेलाच आवडला असता."

हेमा शाळेत चित्रकला शिकवायची, हात चांगला होता. महिनाभर खपून तिने पत्रा ठोकून सरळ केला, नव्या काचा बसवल्या, रंग दिला आणि डबा आईसमोर ठेवला.

आईने डबा उचलून फिरवून पाहिला. मग तिने एका खिडकीवर बोट ठेवलं.

"पडला नव्हता गं तो. घाटात ह्यांच्या गाडीला अपघात झाला होता, तेव्हा तू व्हायची होतीस. तो डबा जसा दिसला, तसाच ह्यांनी बनवला. या खिडकीशी तुझा दादा होता. ह्यांनीच बसवलं होतं त्याला तिथे."



आपल्याला भाऊ होता हे हेमाला कळलं, तेव्हा त्याची घरातली एकुलती एक खूण तिने स्वतःच्या हातांनी पुसलेली होती.