जिन्याखालचा भुऱ्या

रखमाबाई गावी गेल्या होत्या, तेव्हा डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीचा सेक्रेटरी धनेश याने जिन्याखाली राहणाऱ्या भुऱ्याला कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये धाडलं. परत आल्यावर कळलं, तशा त्या पिशवी दारात टाकून तडक शेल्टरमध्ये गेल्या.

भुऱ्या पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडला होता. “आजी, हा म्हातारा झालाय. कुणी दत्तक घेत नाही याला,” तिथली मुलगी म्हणाली. “त्यापेक्षा एखादं पिल्लू न्या.”

“मी काय तरणी आहे? ह्यालाच न्यायला आलेय.”

आवाज ऐकताच भुऱ्या धडपडत उठला.

चाळीच्या दारातच धनेश आडवा आला. “मावशी, मीटिंगमध्ये ठरलंय. जिन्याखाली कुत्रा ठेवायचा नाही.”

“बरं,” रखमाबाई म्हणाल्या आणि भुऱ्याचा पट्टा धरून धनेशच्या समोरून जिना चढल्या. भुऱ्याला त्यांनी आजवर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. आज स्वतःच खोलीचं दार सताड उघडलं आणि खाली धनेशला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या गावच्या मालवणीत म्हणाल्या, “भितुर ये रे. जिन्याखाली रवाचा नाय म्हणतत.”