दगड जिथला तिथे

तंबू गुंडाळून होईपर्यंत निमा कातळाला टेकून बसून राहिली. एरवी ती शरयूला दोऱ्यांना हातही लावू द्यायची नाही.

दर हिवाळ्यात या दोघी मैत्रिणी पठारावर मुक्कामाला यायच्या. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या हवेच्या पोकळ्या इथल्या कातळात जागोजागी होत्या, आणि त्यांत पांढरे स्फटिक चमकायचे. पण निमाचा नियम कडक, दगड जिथला तिथेच. एकदा तिने शरयूचे खिसे रिकामे करायला लावले होते.

यंदा औषधांनी केस गेलेलं डोकं टोपीत झाकून ती दर वळणावर बसत बसत वर आली होती. शरयूने तिची सॅक काढून घेतली, तर भांडलीसुद्धा नाही.

निघताना तिने स्फटिकांचा मुठीएवढा दगड उचलून शरयूच्या हातात ठेवला.

“बाईसाहेब, नियम मोडलात की!”

“मोडला कुठे? घरी ने. पुढच्या वर्षी आणून इथेच ठेवायचा.”

“दोघी मिळून ठेवू.”

निमाने तिची बोटं दगडावर घट्ट मिटवली. “ओळखते ना तुला. मी नसले की तू इकडे फिरकायचीच नाहीस.”