पाइप गार हाय

एकोणऐंशी सालच्या जानेवारीत कोडोलीच्या आक्कानं कोंबडीची दोनशे पिल्लं आणली. त्यांच्या खोलीसाठी मंगळवार पेठेतल्या बादशहा मिस्त्रीनं जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर एक यंत्र जुळवलं होतं. विहिरीच्या पाण्यातली ऊब ओढून ते खोली तापवणार होतं.

"थर्मामीटर आणलाय न्हवं?" आक्कानं विचारलं.

"वीस वर्सं हातानंच बघतोय." बादशहानं खोलीत ऊब सोडणाऱ्या तांब्याच्या पाइपवर उजवा तळवा टेकला. "गार हाय."

त्यानं सगळे जोड पुन्हा आवळले, थोडा गॅस भरला आणि परत तळवा टेकला. "अजून गारच हाय."

पिल्लं दाराकडच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून ओरडत होती. आक्का म्हणाली, "मिस्त्री, गारठ्यानं मरत्यात ही. कायतरी करा."

"मशीन तर बरोबर चाललंय," बादशहा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "मग ऊब जातीया कुठं?" या वेळी त्यानं पाइप मुठीत घट्ट धरून ठेवला.

"बघू," म्हणत आक्कानं शेजारीच बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "भाजलं की वं. एवढा तापलाय, आन् गार म्हणताय व्हय? म्हणून पिल्लं लांब पळत्यात."

बादशहानं मूठ उघडली. तळव्यावर रुपयाएवढा फोड उठला होता. त्यानं डावा हात पाइपाजवळ नेला, पण टेकवायचा धीर त्याला होईना. त्यालाही पाइप गारच लागला तर?